कोलंबस, इंडियाना : पाहुण्यांना गाव कसे दाखवावे

नोकरीच्या निमित्ताने इंडियानातील कोलंबस या गावी नव्याने आलेल्या मराठी कुटुंबापुढे पहिल्याच उन्हाळ्यात एक प्रश्न उभा राहतो. आईवडील किंवा सासूसासरे चार-सहा महिन्यांच्या मुक्कामाला येतात, शिकागो आणि नायगारा उरकून होतात, आणि मग रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर विचारणा होते की तुमच्या या गावात पाहण्यासारखे काही आहे की नाही. पन्नास हजारांच्या आसपास वस्ती, चारी बाजूंना मक्याची आणि सोयाबीनची शेते, सिग्नलला थांबलेल्या चार गाड्या, एवढेच प्रथमदर्शनी दिसत असल्यामुळे घरातील नोकरदार मंडळी बहुधा गप्प बसतात. मीही पहिले वर्ष गप्पच बसलो होतो. पुढे पाहुण्यांच्या चार-पाच फेऱ्यांनंतर जो क्रम जमून आला, तो येथे दिला आहे. पाहुणे नसले तरी नव्याने आलेल्यांनी एकदा तो स्वतःसाठी वापरावा.

सर्वांत आधी तिकिटाची गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेत कोलंबस नावाची अनेक गावे असून त्यांतील सर्वांत मोठे ओहायो राज्याची राजधानी आहे, आणि विमान कंपन्यांच्या संकेतस्थळावर कोलंबस असे लिहिले की तेच पुढे येते. आमच्या एका काकांनी उत्साहाने पुण्यात बसून परस्पर तिकीट काढले आणि ते थेट ओहायोत उतरले. त्यांना आणायला जाऊन येण्यात माझा अख्खा शनिवार गेला. आपल्या कोलंबसला प्रवासी विमानसेवा नाही आणि प्रवासी रेल्वेही नाही. तिकीट इंडियानापोलिसचे काढावे आणि तेथून पासष्ट क्रमांकाच्या आंतरराज्य महामार्गाने सुमारे तासाभराचा गाडीचा प्रवास धरावा.

दुसरी गोष्टही आधीच करून ठेवायची आहे. मिलर हाऊस, म्हणजे येथील उद्योगपती मिलर यांचे आधुनिक घर, पाहण्याची इच्छा असेल तर त्याची वेळ पाहुणे येण्यापूर्वीच आरक्षित करावी. तेथे थोड्या लोकांचे गट मार्गदर्शकासह सोडले जातात, स्वतःची गाडी घेऊन परस्पर जाता येत नाही, आणि उन्हाळ्यातील शनिवारच्या जागा लवकर संपतात. बाकीचे सारे गाव आयत्या वेळी पाहता येते, तरी वार मात्र विचारपूर्वक निवडावा. रविवारी आणि सोमवारी बऱ्याच जागा बंद असतात किंवा अर्धा दिवसच उघड्या असतात, आणि डिझेल इंजिने बनवणाऱ्या कमिन्स कंपनीचे मुख्यालय कामाच्या दिवशीच पाहता येते. गुरुवार किंवा शुक्रवार माझ्या अनुभवात सर्वांत सोयीचा.

गावात शिरताना

महामार्गावर अडुसष्ट क्रमांकाचा फाटा येतो तेथेच पाहुण्यांना जागे करावे. रस्त्यावरून गेलेल्या पुलाच्या लाल रंगाच्या जोडकमानी दुरूनच दिसतात, आणि त्यांच्याशी नाते सांगणारा दुसरा पूल गावाच्या वेशीवर नदी ओलांडताना लागतो. या दुसऱ्या पुलाला तारांचा ताण आहे, ताराही लाल आहेत, आणि गाडी पुलावर चढली की त्या तारांच्या मधोमध जुन्या न्यायालयाचा मनोरा चौकटीत बसवल्यासारखा उभा राहतो. हे योगायोगाने घडलेले नाही. गावात येणाऱ्याच्या नजरेला पहिले काय पडावे, याचा हिशेब करूनच पुलाची रचना केलेली आहे. मागे बसलेल्यांना हे दिसत नाही, म्हणून वडीलधाऱ्यांपैकी एकाला पुढच्या आसनावर बसवावे.

गाडी पाचव्या रस्त्यावर पर्यटक केंद्राजवळ लावून द्यावी. गावाच्या मध्यभागातील बहुतेक सर्व स्थळे येथून पायी दहा-पंधरा मिनिटांच्या आत आहेत, आणि गुडघेदुखी असलेल्या माझ्या आईनेही हा फेरा मध्ये दोनदा बसून पूर्ण केला आहे. रस्त्याकडेला किती वेळ गाडी ठेवता येते, याची पाटी वाचूनच पुढे निघावे.

पाचवा रस्ता

पर्यटक केंद्र हेच पहिले पाहण्याचे ठिकाण आहे. इमारत १८६४ सालची, विटांची, मूळची राहत्या घराची. आत मात्र जिन्याजवळ डेल चिहुली या काच कलावंताचे पिवळ्या काचेचे प्रचंड झुंबर लोंबते आहे. वाकड्यातिकड्या, शिंगांसारख्या, वेटोळ्या घातलेल्या शेकडो नळ्यांचा तो गुच्छ पाहून माझ्या मावशीने हा जिलबीचा घाणा आहे, असा निर्वाळा दिला होता, आणि त्याहून नेमके वर्णन मला अद्याप सुचलेले नाही. येथेच नकाशा घ्यावा, मिलर हाऊसची गाडी येथूनच सुटते हे लक्षात ठेवावे, आणि स्वच्छतागृहाचा उपयोग करून घ्यावा.

केंद्रातून बाहेर पडल्यावर काही पावलांवर सार्वजनिक ग्रंथालय आहे. लाल विटांची ही इमारत आय. एम. पै यांची असून ती १९६९ मध्ये पुरी झाली. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयापुढील काचेचा पिरॅमिड बांधणारे ते हेच, एवढे सांगितले की पाहुण्यांचे भुवया उंचावणे सुरू होते. पै हे आडनाव ऐकून कारवार-मंगळूरकडचे का, असे कोणीतरी विचारतेच. ते जन्माने चिनी होते, हे सांगून मोकळे व्हावे. ग्रंथालयापुढच्या विटांच्या चौकात इंग्लिश शिल्पकार हेन्री मूर यांची ‘लार्ज आर्च’ ही सुमारे वीस फूट उंचीची कांस्याची कमान १९७१ पासून उभी आहे. चौकाला काहीतरी ठसठशीत हवे, असे पै यांचेच म्हणणे होते. हिरवट पडलेल्या या कमानीला हात लावता येतो आणि तिच्या खालून जाता येते. दुपारी तिच्या सावलीत थांबून धातूवर टिचकी मारली की ती आतून पोकळ असल्याचा आवाज येतो. हे आमच्या मुलाने शोधून काढले आणि आता प्रत्येक पाहुण्याला तो ते करायला लावतो.

येथे मी एक पद्धत ठरवून टाकली आहे. ग्रंथालय बाहेरून पाहून पुढे जायचे नाही, आत जाऊन एखादे मासिक घेऊन पंधरा मिनिटे बसायचे. माझ्या सासूबाईंनी पहिल्या वेळी दारात थांबून तिकीट कोठे काढायचे, असे विचारले होते. तिकीट नाही, आणि कोणी आला म्हणून मान वर करून पाहतही नाही. कोलंबसमधील बहुतेक प्रसिद्ध वास्तू अशाच रोजच्या वापरातल्या आहेत : ग्रंथालय, चर्च, शाळा, अग्निशमन केंद्र, टपाल कार्यालय, तुरुंग. त्या वापरून पाहिल्या तरच कळतात, आणि जेथे वापरता येत नाहीत, तेथे निदान त्या वापरणाऱ्या माणसांना पाहत थोडे थांबावे. ज्यांचा मुक्काम लांबचा आहे त्यांनी राहत्या पत्त्याचा पुरावा दाखवून ग्रंथालयाचे कार्डही त्याच दिवशी काढून घ्यावे.

ग्रंथालयासमोर रस्त्यापलीकडे फर्स्ट ख्रिश्चन चर्च आहे. फिनलंडहून अमेरिकेत आलेले एलिएल सारिनेन यांनी ते बांधले आणि १९४२ मध्ये ते पुरे झाले; आधुनिक पद्धतीने बांधलेल्या अमेरिकेतील अगदी पहिल्या चर्चांपैकी ते एक मानले जाते. चर्च म्हटले की मुंबई-गोव्याची, निमुळत्या शिखरांची आणि पांढऱ्या कमानींची सवय असलेल्या डोळ्यांना ही फिकट विटांची सरळसोट पेटी आणि शेजारी अलग उभा असलेला १६६ फुटांचा चौकोनी मनोरा प्रथम कोरडा वाटतो. तो वाटू द्यावा, आणि समोरच्या भिंतीवरचा क्रूस मध्यभागी आहे की बाजूला, घड्याळ कोठे आहे, असे प्रश्न पाहुण्यांना विचारावेत. मग लोक आपणहून रेषा मोजू लागतात.

याच रस्त्यावर आयर्विन कुटुंबाचा जुना वाडा आणि त्याची बाग आहे. वाडा मूळचा १८६४ चा, १९१० मध्ये त्याचे रूप पालटले, आणि बाग इटलीतील पाँपेईच्या एका बागेच्या धर्तीवर आखली गेली. वाड्यात आता पाहुण्यांची उतरण्याची सोय आहे, आणि बाग उन्हाळ्यात ठरावीक दिवशी सर्वांसाठी उघडतात; दिवस कोणते, हे पर्यटक केंद्रात विचारून घ्यावे. बागेत एक हत्ती आहे. सेंट लुईसच्या १९०४ च्या जागतिक प्रदर्शनात ठेवलेल्या हत्तीची ती प्रतिकृती असून, इंडियानाच्या मक्याच्या पट्ट्यात, पाँपेईच्या बागेत, जपानी घडणीचा हत्ती भेटल्यावर आजी-आजोबा ज्या आपुलकीने त्याच्याजवळ जातात, ती पाहण्यासाठी मी दर वेळी दोन पावले मागे थांबतो. सेंट लुईसचे हे प्रदर्शन लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

हे सगळे येथे कसे आले

पाचव्या रस्त्याने पश्चिमेकडे चालत वॉशिंग्टन रस्त्याच्या कोपऱ्यावर आले की झाडांच्या आड काचेची एक बुटकी इमारत दिसते. एलिएल यांचे पुत्र ईरो सारिनेन यांनी १९५४ मध्ये बांधलेली ही बँक. त्या काळी बँक म्हणजे दगडी खांब, लोखंडी गजांमागचा रोखपाल आणि दबकत बोलणारे गिऱ्हाईक. येथे गज काढून टाकले, भिंती काचेच्या केल्या आणि छतावर नऊ घुमट बसवले. त्या घुमटांवरून गावकऱ्यांनी बँकेचे नामकरण ‘ब्रेसियरचा कारखाना’ असे केले होते, हे वडीलधाऱ्यांसमोर सांगायचे की नाही, ते ज्याचे त्याने ठरवावे. पुढे येथे कमिन्स कंपनीचे सभागृह झाले.

या कोपऱ्यावर उभे राहूनच गावाची गोष्ट सांगावी, कारण तिचे सर्व धागे येथून दिसतात. आयर्विन कुटुंब गावातील सावकार आणि बँकवाले. त्यांच्या घरी क्लेसी कमिन्स नावाचा हुशार तरुण गाडी चालवायला आणि दुरुस्त करायला होता. त्याने डिझेल इंजिनाचा ध्यास घेतला, विल्यम आयर्विन यांनी पैसा घातला, आणि १९१९ मध्ये कंपनी उभी राहिली. नफा दिसायला पुढे बरीच वर्षे लागली. त्याच घराण्यातील जे. आयर्विन मिलर (१९०९-२००४) यांनी कंपनी जगभर नेली. युद्धानंतर गावात मुले वाढली, शाळा घाईघाईत आणि सुमार बांधल्या जाऊ लागल्या, आणि चांगले अभियंते अशा गावात येऊन राहतील कसे, हा प्रश्न कंपनीपुढेही होता. तेव्हा मिलर यांनी १९५४ मध्ये गावापुढे एक प्रस्ताव ठेवला : आम्ही नामवंत वास्तुरचनाकारांची यादी देतो, शाळा मंडळाने तिच्यातून कोणालाही निवडावे, त्याचे मानधन कमिन्सचे प्रतिष्ठान देईल. हॅरी वीज यांची श्मिट प्राथमिक शाळा १९५७ मध्ये या योजनेतून प्रथम उभी राहिली, आणि पुढे शाळांवरून ही सवय इतर सार्वजनिक इमारतींनाही लागली. अमेरिकेतील वास्तुरचनाकारांच्या राष्ट्रीय संस्थेने एकदा देशातील शहरांचा क्रम लावला, तेव्हा शिकागो, न्यूयॉर्क, सॅन फ्रान्सिस्को, बोस्टन आणि वॉशिंग्टन यांच्या खालोखाल सहावे नाव या गावाचे होते. राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूचा दर्जा मिळालेल्या सात आधुनिक इमारती येथे आहेत.

पुण्याच्या पाहुण्यांना या गोष्टीचे दुसरे टोक ठाऊकच असते. कोथरूडमध्ये किर्लोस्कर-कमिन्सचा कारखाना १९६२ मध्ये सुरू झाला, आणि कर्वेनगरात १९९१ मध्ये निघालेल्या मुलींच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला याच क्लेसी कमिन्सचे आडनाव लागलेले आहे. गावातील किराणा दुकानाच्या रांगेत अचानक मराठी कानावर पडते, ते या जुन्या नात्यामुळेच.

तेथून अगदी जवळ कंपनीचे मुख्यालय आहे. केव्हिन रोश यांनी १९८३ मध्ये ते बांधताना मध्ये आलेली एकोणिसाव्या शतकातील सीरियलाइनची जुनी विटांची इमारत पाडली नाही, नव्या इमारतीच्या कवेत घेतली. मक्याचा पोह्यांसारखा खाद्यपदार्थ येथे बनत असे. स्वागतकक्षात एक डिझेल इंजिन टांगलेले आहे, तेही प्रत्येक सुटा भाग आपल्या जागेपासून थोडा दूर सरकवून, अदृश्य वाटाव्या अशा तारांनी अधांतरी धरलेला. सिलिंडरच्या वर दट्ट्या, त्याच्या वर झडपा, त्यांच्या स्प्रिंगा, स्क्रू, वॉशर. क्षणभर स्फोट थिजवून ठेवल्याचा भास होतो. माझे सासरे चाळीस वर्षे पिंपरीच्या कारखान्यात होते. ते त्या इंजिनापुढे अर्धा तास उभे राहिले, प्रत्येक भागाचे नाव स्वतःशीच म्हणत राहिले, आणि निघताना एवढेच म्हणाले की जुळवणी करणाऱ्या पोरांना हे पहिल्या दिवशी दाखवले पाहिजे. या कंपनीच्या डिझेल गाडीने १९३१ मध्ये इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यत एकदाही न थांबता पुरी केली होती, हेही येथे सांगण्यासारखे आहे; वेगाने ती तेरावी आली, पण इंधन भरायलाही थांबली नाही.

वॉशिंग्टन रस्ता आणि आइस्क्रीम

येथपर्यंत सगळे थकलेले असतात, आणि हा क्रम त्यासाठीच असा लावला आहे. वॉशिंग्टन रस्त्यावर न्यायालयाच्या दिशेने चालत गेले की ३२९ क्रमांकावर झाहाराकोस हे आइस्क्रीमचे दुकान लागते. ग्रीसहून आलेल्या झाहाराको बंधूंनी ते १९०० मध्ये काढले. जुने गावकरी त्याला नुसते ‘ग्रीकांचे’ म्हणत. दुकानात शिरल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबावे. लांबलचक गल्ला, त्यामागे कोरीव लाकडाचा आणि आरशांचा उंच दर्शनी भाग, आणि मध्ये ऑनिक्स दगडाची सोड्याची कारंजी, म्हणजे पेल्यात सोडा भरून देणारी जुनी यंत्रे. हीच कारंजी सेंट लुईसच्या त्या प्रदर्शनात मांडलेली होती, आणि प्रदर्शन आटोपल्यावर भावांनी ती १९०५ मध्ये विकत घेऊन येथे आणली. हत्ती आणि सोड्याचे कारंजे, दोघांचेही मूळ एकाच जत्रेत निघते.

मागच्या बाजूला कपाटाएवढे, किंबहुना दोन कपाटांएवढे एक वाद्य आहे. त्याला ऑर्केस्ट्रियन म्हणतात आणि ते जर्मनीतील वेल्टे कंपनीचे आहे. भोके पाडलेल्या कागदाची गुंडाळी फिरू लागली की भात्याच्या हवेने आतल्या नळ्या वाजतात आणि ढोल-झांजा आपोआप पडू लागतात. वादक नाही, विजेवरचा ध्वनिवर्धक नाही. ते ठरावीक वेळी लावतात, म्हणून दुकानात शिरतानाच पुढची वेळ विचारावी आणि त्या हिशेबाने मागणी द्यावी. पहिले सूर येताच संपूर्ण दुकानातील चमचे थांबतात. एकदा आमच्या आत्याबाई त्याच्या शेजारच्याच टेबलावर पाठमोऱ्या बसल्या होत्या. ढोल वाजताच त्यांच्या हातातील पेला हलून सोडा पदरावर सांडला आणि पुढे आठवडाभर त्यांनी फोनवर सर्वांना तो प्रसंग सांगितला. टेबल निवडताना हे ध्यानात ठेवावे.

खाण्याबद्दल थोडे स्पष्ट सांगतो. येथील नावाजलेले ‘गॉम’ सँडविच गोमांसाच्या खिम्याचे असते, त्यामुळे जे खात नाहीत त्यांनी नावावर जाऊन मागवू नये. शाकाहारी मंडळींनी जेवणाची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. आइस्क्रीम, सोडा आणि मिल्कशेक यांवर भर द्यावा. दुकान २००६ मध्ये बंद पडले होते. गावातीलच एका उद्योजकाने ते विकत घेऊन मूळ रूपात आणले आणि २००९ मध्ये पुन्हा उघडले. शेजारच्या दालनात सोड्याच्या जुन्या कारंज्यांचा संग्रह आहे, तोही पाहून घ्यावा.

बरोबर लहान मुले असतील तर त्याच रस्त्यावरील ‘किड्सकॉमन्स’ हे मुलांचे संग्रहालय टाळता येत नाही. तेथे एक राक्षसी आकाराचे कमोड आहे. मुले त्यात उतरतात, आणि पाणी ओढल्यावर जसे व्हावे तसे घसरगुंडीने खाली नाहीशी होतात. घरातील मलनिस्सारण कसे चालते, हे समजावणे हा त्यामागचा शैक्षणिक हेतू आहे. आजीला हा सगळाच प्रकार असह्य होतो, नातवंडे मात्र पुण्याला परतल्यावर सारिनेन पितापुत्रांबद्दल अवाक्षर न काढता वर्गात फक्त याचेच वर्णन करतात. आधी आइस्क्रीम आणि मग कमोड, असा क्रम ठेवू नये. तो उलटा ठेवावा.

जवळच ‘द कॉमन्स’ हे गावाचे बंदिस्त अंगण आहे, आणि हिवाळ्यात तर गावातील निम्मी बालसंख्या येथेच सापडते. आत जाण्यास पैसे पडत नाहीत. मध्यभागी जाँ टिंगेली या स्विस शिल्पकाराचे ‘केऑस वन’ हे यंत्रशिल्प आहे. भंगारातल्या चाकांचे, दांड्यांचे आणि पट्ट्यांचे हे अगडबंब धूड १९७४ पासून येथे आहे. भोवतालची मूळ इमारत २००८ मध्ये पाडून २०११ मध्ये नवी उभी राहिली, तेव्हाही शिल्प जागचे हलवले नाही. ते सतत चालत नाही. बराच वेळ निपचित असते, मग कोठेतरी एक चाक कुरकुरते, एक दांडा वर जातो, आणि हळूहळू सगळा डोलारा खडखडू लागतो. त्यातून काहीही तयार होत नाही. काही तयार होण्याची वाट पाहणारे पाहुणे पाहणे, हाच माझ्या मते येथील खरा कार्यक्रम आहे.

गाडीने जाण्याची ठिकाणे

मिलर हाऊसची वेळ दुपारची मिळाली असेल तर येथून पर्यटक केंद्रात परत यावे. ईरो सारिनेन यांनी मिलर कुटुंबासाठी १९५७ मध्ये बांधलेले हे घर आहे. आतील सजावट अलेक्झांडर जिरार्ड यांची आणि बाग डॅन कायली यांची. सपाट छपराचे, एकमजली, बाहेरून जवळजवळ अबोल वाटणारे. आत बैठकीच्या खोलीत जमिनीत चौकोनी हौद खणावा तशी खोलगट बैठक केलेली असून तिच्यात उतरून गाद्यांवर बसायचे. ऋतू बदलला की गाद्यागिरद्यांचे अभ्रे बदलत. खाली बसलेल्या माणसाचे डोके आणि वरच्या जमिनीवर चालणाऱ्याचे पाऊल जवळजवळ एका पातळीत येतात, हे तेथे उभे राहिल्यावरच ध्यानात येते. २००९ मध्ये कुटुंबाने हे घर इंडियानापोलिसच्या कला संग्रहालयाला दिले आणि २०११ मध्ये ते लोकांना खुले झाले. भारतातून आलेल्या ज्येष्ठांना येथे भिंतभर पसरलेली फडताळे सर्वांत आवडतात, असा माझा अनुभव आहे. दीडेक तास उभे राहावे लागते आणि बसायला मिळत नाही, हे त्यांना आधी सांगून ठेवावे.

नॉर्थ ख्रिश्चन चर्च हे ईरो सारिनेन यांचे शेवटच्या कामांपैकी एक. ते १९६१ मध्ये वारले आणि चर्च १९६४ मध्ये पुरे झाले. षट्कोनी छपरातून १९२ फुटांची सुई आकाशात गेलेली आहे. तेथील मंडळी संख्येने कमी होत गेली आणि २०२२ मध्ये त्यांनी उपासना थांबवली, त्यामुळे बाहेरून प्रदक्षिणा घालण्यावर समाधान मानावे. रॉबर्ट व्हेंचुरी यांचे चार क्रमांकाचे अग्निशमन केंद्र वाटेत दिसले तर गाडी हळू करावी. मनोऱ्यावर माणसापेक्षा मोठा ‘४’ काढलेला आहे, आणि थांबून पाहण्यासारखे तेवढेच आहे.

संध्याकाळ

उन्हे कलली की न्यायालयाकडे यावे. आयझॅक हॉजसन यांनी बांधलेली ही इमारत १८७४ ची आहे. तिच्या आवारात चुनखडीच्या पंचवीस चौकोनी खांबांची एक दाट रचना उभी आहे, प्रत्येक खांब चाळीस फुटांचा. हे युद्धात मेलेल्या या जिल्ह्यातील सैनिकांचे स्मारक. बाहेरून ते दगडांचे रान वाटते, आणि पाहुणे दुरूनच छायाचित्र काढून निघण्याच्या बेतात असतात. त्यांना आत न्यावे. आतल्या बाजूंवर नावांबरोबर सैनिकांनी घरी पाठवलेली पत्रे कोरलेली आहेत : जेवण कसे आहे, धाकट्या भावाने शाळा सोडू नये, पैसे पोचले का. काही पत्रांतील शेवटचा मजकूर घरी पोचला तेव्हा लिहिणारा हयात नव्हता. खांबांमधील अंतर एवढे कमी आहे की वाचताना पाठ मागच्या दगडाला टेकते. तिरप्या उन्हात अक्षरे नीट उठतात, म्हणूनच संध्याकाळची वेळ. घाई करू नये, आणि मुलांना येथे लपाछपी खेळू देऊ नये. जागा तशी आहे खरी, म्हणून सांगितले.

त्यानंतर पाचव्या रस्त्याच्या पश्चिम टोकाला, दोन नद्यांच्या संगमाजवळ असलेल्या मिल रेस उद्यानात डबा सोडावा. तेथे लाकडी छप्पर असलेला एक जुना पूलही आणून ठेवलेला आहे. वसंतात नदीला पाणी चढले की उद्यानातले रस्ते बुडतात, तेव्हा त्या दिवसांत आधी चौकशी करावी.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर

शेहेचाळीस क्रमांकाच्या राज्यमार्गावर दोन्ही दिशांना मजा आहे. पश्चिमेला नॅशव्हिल हे चित्रकारांचे गाव आणि ब्राऊन काउंटीचे जंगल लागते. वाटेत ‘नॉ बोन’, म्हणजे हाड चघळ, अशा नावाची वस्ती आहे, तिच्या पाटीपाशी छायाचित्र काढल्याशिवाय कोणी पुढे जात नाही. ऑक्टोबरमध्ये पाने लाल होतात तेव्हा हा रस्ता रविवारी गाड्यांनी तुंबतो, म्हणून आठवड्याच्या मधल्या दिवशी जावे.

उत्तरेला अॅटरबरी छावणीच्या परिसरात, दुसऱ्या महायुद्धात कैदी म्हणून आणलेल्या इटालियन सैनिकांनी १९४३ मध्ये उरलेल्या विटा-दगडांतून बांधलेले इवलेसे चर्च आहे. रंग त्यांनी फळाफुलांपासून केले, अशी तेथील आठवण आहे. ते आपल्याकडच्या रस्त्याकडेच्या देवळीपेक्षा फारसे मोठे नाही. दक्षिणेला सीमूरजवळच्या फ्रीमन तळावर एप्रिल १९४५ मध्ये कृष्णवर्णीय वैमानिक अधिकारी केवळ गोऱ्यांसाठी राखलेल्या अधिकारी क्लबात शिरले आणि शंभराहून अधिक जण अटकेत गेले. ज्यांना महाडच्या तळ्याची गोष्ट ठाऊक आहे, त्यांना या प्रसंगाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पूर्वेला मात्र अवश्य जावे. तासाभरापेक्षा कमी वेळात ग्रीन्सबर्ग हे गाव येते, आणि तेथील न्यायालयाच्या मनोऱ्यावर, शंभर फुटांहून अधिक उंचीवर, दगडांच्या सांध्यातून झाड उगवलेले आहे. पहिले झाड १८७० मध्ये लोकांच्या नजरेस आले. एक वाळले की दुसरे उगवत आले आहे, मध्यंतरी माणूस वर चढवून काही कापलीही, पण सगळी कधी काढली नाहीत. झाडाची जात कोणती यावर अनेक वर्षे वाद चालला, आणि पर्ड्यू विद्यापीठाच्या तज्ज्ञांनी ते तुतीचे ठरवले. अमेरिकन लोक मान वर करून थक्क होतात. आमच्या आजीने वर पाहिले, आमच्या वाड्याच्या भिंतीत पिंपळ होता तो यांना कोणी दाखवला नाही वाटते, असे म्हणाली, आणि मग पर्समधून चष्मा काढून दहा मिनिटे पाहत राहिली. झाड खालून लहान दिसते, त्यामुळे दुर्बीण न्यावी, आणि पाने असलेल्या दिवसांतच, म्हणजे मे ते ऑक्टोबर या काळात जावे.